बलबीरची गाडी का तापत होती

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये माझी बदली चंडीगडजवळच्या एका आर्मी वर्कशॉपमध्ये झाली. हुद्दा हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, गाव बार्शी तालुक्यातलं. एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही कुठे होता, असं लोक विचारतात तेव्हा मी खरं ते सांगतो: गाडीखाली. आमचं तेव्हाचं वर्कशॉप फ्रंटच्या बरंच मागे होतं आणि येईल ती गाडी पुन्हा रस्त्याला लावणं एवढंच आमचं काम होतं. रायफल मी चालवली ती रेंजवर. म्हणून ही आठवण लढाईची नाही. एका इंजिनाची आहे, आणि ते इंजिन ज्याच्यामुळे माझ्यासमोर आलं त्या माणसाची. त्याला मी कधी पाहिलं नाही.

चंडीगडचं पोस्टिंग चांगलं होतं. सकाळी सहाला पीटी, साडेसातला फॉल-इन, आठला पाने-हत्यारं हातात. फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. बायको सुमन आणि सात वर्षांचा मुलगा बरोबर होते. मुलगा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायला लागला होता आणि सुमन त्याच्यावर रोज चिडायची. रविवारी आम्ही बसने सेक्टर सतराच्या बाजारात जाऊन यायचो. एवढंच आयुष्य होतं.

चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात एका इन्फन्ट्री बटालियनने एक जुनी गाडी टो करून आणली. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी बनावटीचा पाऊण टनी ट्रक. सहा सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह. अशा गाड्या फौजेतून जवळजवळ गेल्याच होत्या. ही बटालियनकडे कशीबशी टिकली होती आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात जखमींना मागे आणायला वापरली गेली. ड्रायव्हर होता नायक बलबीर सिंग. एका सकाळी त्याने दोन फेऱ्या करून नऊ जखमी मागे पोचवले. तिसऱ्या फेरीत परत येताना गाडी वाटेत थांबली, शेजारी गोळा पडला, आणि बलबीर व मागे झोपवलेले दोन जखमी जागीच गेले. गाडीच्या उजव्या बाजूची चाळण झाली. इंजिन वाचलं, पण तीन वर्षं उघड्यावर पडून पिस्टन गंजून जाम झाले होते.

बटालियनला ती गाडी चालती हवी होती. डिसेंबरात त्यांचा स्मृतिदिन होता. बलबीरचे वडील गावाहून येणार होते आणि त्यांना त्याच गाडीत बसवून स्मारकापर्यंत न्यायचं ठरलं होतं. आमच्या ओ.सी. मेजर साहेबांनी काम माझ्याकडे दिलं. माझ्या वर होते सुभेदार गुरनाम सिंग. तीस वर्षांची नोकरी, बोलणं मोजकं.

मी अडीच महिने ते इंजिन केलं. ब्लॉक बोअर केला, क्रँकशाफ्ट ग्राइंड केली, बेअरिंगं, पिस्टन, रिंगा सगळं नवीन. रेडिएटर आतून धुऊन घेतला. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा इतकं शांत चाललं की बोनेटवर ठेवलेल्या कपातला चहा हलत नव्हता. ऑइल प्रेशर चाळीस पौंड. मला गर्व झाला, हे कबूल करतो.

स्मृतिदिनाला आठ दिवस उरले असताना, सोमवारी, रोड ट्रायल घेतली. पंचकुल्यावरून पिंजौरच्या रस्त्याने काल्क्यापर्यंत जाऊन परत यायचं. मी चालवत होतो, मागे रिकव्हरी गाडीत सुभेदार साहेब. दोन्हीकडे वायरलेस सेट. नऊ वाजता निघालो. धुकं होतं आणि थंडीने हात वळत नव्हते. सपाटीवर काही त्रास नव्हता. सूरजपूरच्या पुढे चढ सुरू झाला आणि टेम्परेचरचा काटा उठला. दोन मिनिटांत तो लाल खुणेला टेकला. ऑइल प्रेशर चाळीसवरून पंचवीस, पंधरा, मग दहाच्या खाली.

"ट्रायल फॉर रिकव्हरी. टेम्परेचर हाय. ऑइल प्रेशर लो. गाडी रोक रहा हूँ. ओव्हर."

"रिकव्हरी. इंजन बंद करो. कॅप को हाथ मत लगाना. आउट."

डिसेंबरातल्या सकाळी, अंगात दोन जर्सी असताना, ते इंजिन चहाच्या किटलीसारखं उकळत होतं. आम्ही ते टो करून परत आणलं.

दुसऱ्या दिवशी बटालियनने हवालदार रामस्वरूपला पाठवलं. रोहतककडचा उंच, हडकुळा माणूस. स्मृतिदिनाला गाडी तोच चालवणार होता. लढाईत तो बलबीरचा को-ड्रायव्हर होता. तिसऱ्या फेरीच्या आधी बलबीरने त्याला खाली उतरवलं होतं, आणखी एक माणूस बसवता यावा म्हणून. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तो स्वतः काही बोलत नसे. स्टुलावर बसून आमचं काम बघायचा आणि तास-दीड तासाने उठून रेडिएटरची कॅप उघडून पाणी बघायचा.

"भरलेलं आहे यार, कितनी बार देखोगे?" मी एकदा चिडून म्हणालो.

"देख लेने में क्या है," तो म्हणाला आणि परत बसला.

मंगळवार आणि बुधवार मी एकेक कारण खोडत गेलो. आधी गेज. ते खोटं बोलत असेल म्हणून दुसरं लावलं. तेच रीडिंग. थर्मोस्टॅट काढून पाण्यात उकळून बघितला, वेळेवर उघडत होता. रेडिएटरमधून पाणी धो धो वाहत होतं. पंखा, पट्टा, टायमिंग ठीक. इंजिन चालू ठेवून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का पाहिलं. आले असते तर हेड गॅस्केट फुटलेलं असतं. एकही आला नाही. मग ऑइलची बाजू. पंप उघडला, गिअर नवे होते. खालचं चेंबर उतरवून बेअरिंगांमधली फट मोजली. मापात होती.

म्हणजे सगळं ठीक होतं आणि इंजिन तापत होतं.

बुधवारी दुपारी जेवायला घरी गेलो. सुमनने ताट वाढलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तोंड का उतरलंय? काय झालं?"

"प्रेशर येत नाही."

"कुणाचं?"

"इंजिनाचं."

"मला वाटलं साहेबांचं," ती म्हणाली.

साहेबांचंही होतं. तीन वाजता मेजर साहेब वर्कशॉपमध्ये आले. म्हणाले, "माने, फ्रायडे तक रेडी नहीं हुआ तो इंजन उतार देंगे. गाडी टो करके ले जायेंगे. बुजुर्ग आदमी को रास्ते में नहीं रोक सकते."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण त्या म्हाताऱ्याला मुलाच्या गाडीत बसवून दुसऱ्या गाडीने ओढत न्यायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. आणि खरं सांगायचं तर माझी अडीच महिन्यांची मेहनत सगळ्यांसमोर फुकट जाणार होती.

त्या दिवशी मी एक चुकीचं काम केलं. ऑइलचं प्रेशर फार वाढलं की जादा ऑइल सोडून देणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो एका स्प्रिंगवर दाबलेला असतो. त्या स्प्रिंगमागे मी एक वॉशर घातला. स्प्रिंग कडक झाली, प्रेशर वाढलं. गुरुवारी सकाळी मेजर साहेबांसमोर थंड इंजिन सुरू केलं तर काटा साठवर. साहेब खूश झाले. सुभेदार साहेब काटा बघत राहिले.

दहा वाजता दुसरी ट्रायल. या वेळी रामस्वरूप चालवत होता, मी शेजारी. सूरजपूरच्या त्याच चढावर, जवळपास त्याच झाडापाशी, काटा लाल खुणेला गेला आणि प्रेशर साठवरून आठवर आलं. पाठोपाठ इंजिनातून ठक ठक असा आवाज सुरू झाला. बेअरिंग गेलं होतं. रामस्वरूपने माझ्या हुकमाची वाट न बघता इंजिन बंद केलं. त्याने स्टिअरिंग घट्ट धरलेलं होतं आणि तो समोर बघत होता.

"ऐसे ही होता था," तो म्हणाला. "चढाई पर ऐसे ही."

मी तेव्हा ते नीट ऐकलं नाही. माझं लक्ष त्या ठक ठक आवाजात होतं.

परत आल्यावर सुभेदार साहेबांनी स्वतः पाना घेतला आणि तो व्हॉल्व्ह उघडला. वॉशर त्यांच्या तळहातावर पडला. आजूबाजूला चार-पाच जण होते. त्यांना त्यांनी चहाला पाठवलं.

"ये किसने डाला?"

"मैंने, साब."

"इससे क्या ठीक हुआ?"

"ठंडे में रीडिंग, साब."

"और गरम में?"

गरम इंजिनात प्रेशर आधीच पडलेलं असतं. तो व्हॉल्व्ह तेव्हा बंदच असतो; त्याची स्प्रिंग कितीही कडक केली तरी काही उपयोग नाही. हे मला माहीत होतं. मला फक्त आकडा हवा होता.

"माने," ते म्हणाले, "साब को दिखाने के लिए काम करना है तो पेंट लगा दे. उसमें आदमी तो नहीं मरता." वॉशर त्यांनी खिशात टाकला. त्याबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. वर रिपोर्टही केला नाही. नंतरच्या अठरा वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याही गाडीवर असा आकडा बनवला नाही.

मी हात धुऊन रामस्वरूपकडे गेलो. तो गाडीच्या पायरीवर बसला होता. विचारलं, "ऐसे ही होता था, म्हणजे काय?"

त्याने सगळं सांगितलं. ही गाडी लढाईच्या आधीपासून तापत होती. सपाटीवर ठीक, चढावर किंवा माल भरला की उकळायची. दोनदा रेडिएटर बदलून दिला, एकदा पंप बदलला. बलबीर पाण्याचा डबा सीटखाली ठेवायचा. तो म्हणायचा, ही पाठीमागून तापते, फायरवॉलजवळ, इंजिनामागच्या पत्र्यापाशी, पाय भाजतात.

"आणि त्या दिवशी?"

थंडीत रात्री रेडिएटरचं पाणी काढून ठेवायचं आणि पहाटे भरायचं, असा हुकूम होता. भरण्याचं काम रामस्वरूपचं. त्या पहाटे अंधारात, घाईत त्याने भरलं. काठोकाठ भरलं की नाही, हे त्याला आठवत नव्हतं. तिसऱ्या फेरीत गाडी उकळून थांबली. लोकांनी दुर्बिणीतून बघितलं, बलबीर बोनेट उघडून पाणी ओतत होता. तेवढ्यात गोळा आला.

"तीन साल से सोचता हूँ," रामस्वरूप म्हणाला. "पूरा भरा था कि नहीं."

'पाठीमागून तापते' हे शब्द माझ्या डोक्यात बसले. दोन्ही ट्रायलमध्ये मी काटा बघितला होता, इंजिनाला हात लावून बघितला नव्हता. मी इंजिन हळू चालवून गरम केलं, एवढं ते खराब बेअरिंगवरही चालण्यासारखं होतं. बोटाने हेडवर पाण्याचे थेंब टाकत पुढून मागे गेलो. पहिल्या सिलिंडरवर थेंब सावकाश आटला. तिसऱ्यावर जरा लवकर. सहाव्यावर टाकताक्षणी चर्र करून उडाला. पुढचं अर्धं इंजिन थंड होतं आणि मागचं जळत होतं. पाणी मागे पोचतच नव्हतं.

या इंजिनांत वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या पोटात, एक लांब पत्र्याची नळी असते. तिला भोकं असतात. पंपाचं थंड पाणी त्या नळीतून थेट मागच्या सिलिंडरपर्यंत जातं. ओव्हरहॉल करताना ती बाहेर काढून तपासायची, अशी ओळ मॅन्युअलमध्ये आहे. मी ती वाचली होती. नळीचं तोंड शाबूत दिसत होतं. ओढून बघितली, हलली नाही. ओढताना तुटली तर नवीन कुठून आणायची, या भीतीने मी ती तशीच सोडली होती. माझ्या आधीच्या मेकॅनिकांनीही बहुतेक हेच केलं असणार. रेडिएटर बदलणं सोपं असतं.

शुक्रवारी सकाळी रेडिएटर आणि पंप उतरवला, लोखंडी सळईला हूक करून नळी ओढायला लागलो. अकरा वाजता तिचं तोंड निघालं. बाकीचे तुकडे एकेक करून काढले, शेवटचा दीड वाजता. मधली वीतभर नळी उरलीच नव्हती. तिथे गंजाचा चिखल होता. हा गंज तीन वर्षांतला नव्हता. कितीतरी जुना होता.

सुभेदार साहेबांनी तुकडे फडक्यावर मांडून बघितले. पुढची साखळी उलगडून सांगायची गरज नव्हती. मागचं इंजिन तापतं, त्यामुळे ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, म्हणून प्रेशर पडतं. एकच दोष होता. मी दोन समजून शोधत होतो.

"उसको बताओगे?" त्यांनी विचारलं.

"जी साब."

"अभी बताओ."

मी रामस्वरूपला बोलावलं आणि फडकं दाखवलं. नळी कशासाठी असते ते सांगितलं. सांगितलं, की ही लढाईच्या आधीच सडलेली होती. रेडिएटर काठोकाठ भरला असता तरी चढावर, तीन माणसांच्या ओझ्याने, गाडी उकळली असती.

"पानी पूरा होता, तो भी?"

"तो भी."

त्याने सगळ्यात मोठा तुकडा उचलला. दोन बोटांत तो चुरला. मग तो बाहेर नळावर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. संध्याकाळी जाताना त्याने मला तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तेच उत्तर दिलं.

नवी नळी मिळणार नव्हतीच. आमच्या पत्र्याचं काम करणाऱ्याने पितळी पत्रा वळवून, झाळून नळी केली. भोकं मी स्वतः पाडली, पुढे लहान, मागे मोठी. मेजर साहेबांना मी दोष काय होता आणि तो माझ्याकडून कसा राहिला, हे उभं राहून सांगितलं. वॉशरचंही सांगितलं. ते म्हणाले, "सण्डे ट्रायल. फेल हुआ तो टो." शनिवारी सहाव्या सिलिंडरचं बेअरिंग बदललं, स्प्रिंग मुळात होती तशी बसवली, बेअरिंगचा चुरा मिसळलेलं ऑइल टाकून नवीन भरलं.

रविवारी नऊ वाजता निघालो. निघण्याआधी रामस्वरूप थेट ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. कॅप उघडून पाणी मीच बघितलं. सूरजपूरचा चढ आला. काटा उठला, मध्यावर आला आणि तिथेच थांबला. ऑइल प्रेशर पस्तीस. पिंजौर गेलं. काल्क्याला पोचलो तेव्हा पस्तीस होतं.

"ट्रायल फॉर रिकव्हरी. काल्का. टेम्परेचर नॉर्मल. प्रेशर थ्री फाइव्ह. ओव्हर."

"रिकव्हरी. रॉजर. चाय पी के आओ. आउट."

बलबीरचे वडील सोमवारी बसने आले. मोठ्या फेट्याचे, सत्तरीच्या आसपासचे, घोंगडी पांघरलेले. स्टँडवर त्यांना घ्यायला रामस्वरूप आणि मी गेलो होतो. चालता चालता रामस्वरूपने त्यांना नळीचं, पाण्याचं सगळं सांगितलं. मी चार पावलं मागे होतो. ते त्यांच्या बोलीत बोलत होते, मला सगळं समजलं नाही. त्याचं बोलणं संपल्यावर म्हातारा थांबला. त्याने रामस्वरूपला एवढंच विचारलं, "रोटी खाई तन्ने?"

रामस्वरूपने नाही म्हटलं. मग ते दोघं एका ढाब्यावर बसले आणि मी त्यांच्या सामानाजवळ उभा राहिलो.

मंगळवारी आठ वाजता गाडी बटालियनच्या गेटमधून स्मारकापर्यंत गेली. पाऊण मैलाचा रस्ता, पायी चालण्याच्या वेगाने. इतक्या हळू वेगात इंजिन तापायला फार वाव असतो, म्हणून मी बाजूने चालत होतो, कान बोनेटकडे. काही झालं नाही. म्हातारा पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता.

स्मारकापाशी बटालियन फॉल-इन होती. पुष्पचक्रं वाहिली गेली, बिगुल वाजला. मग अॅडज्युटंटनी त्या गाडीबरोबर गेलेल्या तिघांची नावं वाचायला घेतली.

"नायक बलबीर सिंग."

म्हाताऱ्याला फौजेची पद्धत माहीत नव्हती. त्याला वाटलं, कुणाच्या घरचं कोण आलंय ते विचारताहेत. तो उभा राहिला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "हाजर सै जी. मैं उसका बाप."

परेडमध्ये कोणी हललं नाही. अॅडज्युटंट थांबले. त्यांनी कागद खाली घेतला, म्हाताऱ्याला सॅल्यूट केला, तो खाली बसेपर्यंत वाट बघितली आणि मग पुढची दोन नावं वाचली. त्या दोघांच्या घरचं त्या दिवशी कोणी येऊ शकलं नव्हतं, म्हणून त्यांच्या नावांना उत्तर मिळालं नाही. ती मी इथे लिहून ठेवतो. सिपाही दिलबाग राम. सिपाही ओमप्रकाश.